घामेजलेला साचा

डोंगर आजच्यापेक्षा उंच होते आणि नद्यांना अजून नावं पडायची होती, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. लहान बसा, थोर बसा, पण मधेच उठून जाऊ नका. ही भीतीची गोष्ट आहे, आणि भीतीची गोष्ट अर्धवट ऐकली की ती घरापर्यंत मागे येते.

नदीच्या वळणावर एक राज्य होतं. त्या राज्यात ओताऱ्यांची आळी होती. ओतारी म्हणजे धातू वितळवून भांडी, समया, घंटा ओतणारी माणसं. त्यांची आळी होती गावाबाहेरच्या टेकाडावर, अगदी खडकाळ जागी. कितीही पाऊस पडो, तिथे पाणी म्हणून थांबायचं नाही. वाडवडिलांनी ती जागा उगीच नव्हती धरली. ओताऱ्याचा वैरी एकच, पाणी.

तुम्ही म्हणाल, रात्रंदिवस भट्टीशी झोंबणाऱ्यांना पाण्याचं कसलं भय? अहो, ऐका तर.

घंटा ओतायची म्हणजे आधी मातीचा गाभा करायचा. त्यावर मेणाची घंटा घडवायची. त्या मेणावर पुन्हा मातीचे थर लिंपायचे आणि भोवती विस्तव लावायचा. मेण वितळतं, खालच्या भोकातून वाहून जातं, आणि मातीच्या पोटात घंटेच्या आकाराची पोकळी उरते. तोच साचा. मग त्या पोकळीत वितळलेलं कासं, म्हणजे तांब्या-कथिलाचा रस, सोडायचं. ते थिजलं की झाली घंटा. घट्ट मेण पातळ होतं, पातळ कासं घट्ट होतं, इथवर सगळं गुण्यागोविंदाने चालतं. पण साच्याच्या मातीत पाणी राहिलं असेल तर मात्र देवा रे! लोटाभर पाण्याची वाफ झाली तर तिला मावायला धान्याची अख्खी कणगी लागते. साच्यात कुठली आली कणगी? वाफेला वाट मिळाली नाही की ती साचा फोडते, आणि जवळ उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावर उकळतं कासं उडवते.

म्हणून आळीत एक रीत होती. तिला म्हणायचे आरसा धरणं. ओतण्याआधी मुख्य ओताऱ्याच्या बायकोने काशाचा चकचकीत आरसा सावलीत गार करायचा आणि साच्याच्या तोंडावर धरायचा. आत ओल असेल तर तिची वाफ वर येते आणि गार आरशावर तिचे पुन्हा पाण्याचे थेंब होतात. मग ती बाई म्हणायची, "साचा घामेजला." ते शब्द निघाले की त्या दिवशी ओतणं बंद. पुन्हा गोवऱ्या रचायच्या, पुन्हा साचा शेकायचा. आरसा स्वच्छ राहिला तर तिने तो नवऱ्याच्या हातात द्यायचा. त्याने तो उंच धरून सगळ्यांना दाखवायचा आणि ओरडायचं, "कोरडा!"

हे काम बायकांकडेच का? तर पुरुषांना घाई फार, असं आळीतल्या बायका सांगायच्या. पुरुष ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

या आळीचा मुख्य ओतारी होता कुशाबा. त्याची बायको हौसा. हौसाच्या हातून आरसा कधी चुकला नव्हता. तिने घामेजला म्हटलं की कुशाबा चकार शब्द न बोलता गोवऱ्या आणायला निघायचा. एकदा तर शेजारच्या राज्यातले सावकार समया न्यायला दारात गाड्या जुंपून उभे होते, तरी हौसा म्हणाली, "घामेजला," आणि गाड्या रिकाम्या परतल्या.

आता झालं असं, की राजाने नदीकाठी नवं देऊळ बांधलं. पूजेचा मुहूर्त ठरला. पहिल्या आरतीला मोठी घंटा वाजली पाहिजे, असं राजाच्या मनाने घेतलं. त्याने कुशाबाला दरबारात बोलावलं आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "मुहूर्ताला घंटा टांगलेली दिसली पाहिजे. नाही दिसली, तर घंटा ओतणारा हात मनगटावर राहणार नाही."

दरबारी हसले. राजाही हसला. कुशाबाला मात्र हसू आलं नाही. तो घरी आला तो पांढराफटक चेहरा घेऊन, आणि हौसाने विचारल्यावर त्याने ते शब्द जसेच्या तसे सांगितले. 

"खरंच तोडतील हो?" तिने विचारलं.

"राजा आहे तो," कुशाबा म्हणाला. "मागे एका पाथरवटाची बोटं छाटली होती म्हणे."

कुणी पाहिली होती ती छाटलेली बोटं? कुणीच नाही. पण भीतीला कधी साक्षीदार लागलेत?

त्यात कोतवालाने भर घातली. तो म्हणाला, "टेकाडावरून एवढी घंटा खाली आणायची कोणी? देवळाच्या अंगणातच खड्डा खणा, तिथेच ओता आणि तिथेच टांगा."

कुशाबा हात जोडून म्हणाला, "सरकार, नदी हाकेवर आहे. जमीन ओली. साचा वाळायचा नाही."

"मग जास्त गोवऱ्या लाव," कोतवाल म्हणाला. "की जाऊन महाराजांना सांगू, कुशाबा नाही म्हणतो?"

कुशाबाची मान खाली गेली. अंगणात खड्डा खणला गेला. खणताना कुदळीला चिकटून आलेली माती काळी आणि थंडगार होती. राणूने, म्हणजे भट्टीचा भाता ओढणाऱ्या शेजाऱ्याने, ती माती बोटांत चुरडून पाहिली. त्याने एकदा कुशाबाकडे पाहिलं आणि माती गुपचूप फेकून दिली.

साचा उभा राहिला. मेण वाहून गेलं. खड्ड्याभोवती दिवसरात्र गोवऱ्या जळू लागल्या. कोतवाल रोज येई आणि रोज जाताना स्वतःच्या मनगटावर दुसऱ्या हाताची कड आपटून दाखवी. तोंडाने काही बोलत नसे. त्यापेक्षा तो बोलला असता तर बरं, असं हौसाला वाटे. स्वयंपाक करताना, केर काढताना, तिच्या डोळ्यांपुढून ती खूण हलेना. नवरा जेवायला बसला की ती त्याच्या उजव्या हाताकडे बघत राही. भाकरी मोडणारा हात, साच्यावरून अलगद फिरणारा हात, लग्नात तिच्या हाताशी बांधला होता तोच हात. 

पूजेच्या आदल्या दिवशी सकाळी, अजून कुणी आलं नव्हतं तेव्हा, हौसा एकटीच देवळाच्या अंगणात गेली. रीतीचं आरसा धरणं ऊन तापल्यावर होतं. पण तिला धीर निघेना. तिने आरसा ओसरीच्या सावलीत गार केला, खड्ड्यात उतरली आणि साच्याच्या तोंडावर धरला.

आधी काहीच दिसलं नाही. तिने सुटकेचा श्वास सोडला. आणि मग आरशाच्या कडेने धुकं चढू लागलं. चढत चढत मधोमध आलं. तिचा चेहरा त्यात बुडाला. एक थेंब जमला, जड झाला आणि घरंगळत तिच्या अंगठ्यावर आला.

साचा घामेजला होता. थोडाथोडका नाही, चांगलाच.

 आज ओतलं नाही तर उद्या घंटा नाही. उद्या घंटा नाही तर नवऱ्याचा हात नाही. आणि आज ओतलं तर? तिने खड्ड्याच्या काठाकडे पाहिलं. साच्याच्या तोंडाशी सळई घेऊन उभं राहायचं, कासं आत जाताना वरची मळी मागे सारायची, हे काम मुख्य ओताऱ्याचंच. कुशाबा तिथेच उभा असणार होता.

"काय म्हणतो आरसा?" वरून आवाज आला. काठावर कोतवाल उभा होता.

 आरसा हौसाने झटकन पदराखाली घेतला. "अजून... अजून आरसाच गार झाला नाही, सरकार."

"बरं," कोतवाल म्हणाला, आणि मनगटावर हाताची कड आपटून निघून गेला.

हौसा तिथेच बसून राहिली. अहो, घाबरलेल्या माणसाची बुद्धी चालत नाही असं म्हणणाऱ्यांनी तिला तेव्हा पाहायला हवं होतं. तिची बुद्धी चालली, आणि भलत्याच दिशेला चालली. वाफेचे थेंब होतात ते गार आरशावर. मग आरसा गार नसलाच तर? गरम आरशावर वाफ टेकत नाही, थेंब धरत नाही. आरसा स्वच्छ दिसेल. साचा फुटेलच असं थोडंच आहे? कदाचित ओल वरवरची असेल. कदाचित आणखी चार गोवऱ्यांनी जाईल. कदाचित देव बघून घेईल. भ्यालेल्या मनाला "कदाचित" हा शब्द फार गोड लागतो.

ऊन तापलं. आळी गोळा झाली. अंगणातच मांडलेल्या भट्टीत कासं वितळून लाल पाण्यासारखं हलत होतं. हौसा भट्टीच्या मागल्या बाजूला गेली, आरसा गरम भिंतीला लावून उभी राहिली आणि चटका बसू लागल्यावर तो पदरात गुंडाळून घेतला. पदरातून ती धग तिच्या पोटाला लागत होती. मग ती सगळ्यांच्या देखत खड्ड्यात उतरली आणि आरसा साच्याच्या तोंडावर धरला.

सगळे श्वास रोखून पाहत होते. आरसा स्वच्छ राहिला. लखलखीत. हौसाला त्यात स्वतःचा चेहरा दिसला आणि तो तिला ओळखू आला नाही.

रीतीप्रमाणे तिने आरसा नवऱ्याच्या हातात दिला.

कुशाबाने तो घेतला. आणि त्याची बोटं जागच्या जागी थांबली. आरसा ऊन होता. जन्मभर ओतकाम केलेल्या माणसाला त्याचा अर्थ कुणी सांगावा लागतो का? त्याने हौसाकडे पाहिलं. हौसाने नजर पायाकडे वळवली. काठावर कोतवाल उभा होता, त्याच्यामागे भालेकरी उभे होते, त्यांच्यामागे सगळं गाव उभं होतं.  कुशाबाने आरसा वर केला.

"कोरडा!" तो ओरडला. आवाज चिरका निघाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकट्या राणूने वाजवल्या नाहीत. तो भट्टीच्या बुचापाशी जाऊन उभा राहिला. भट्टीच्या पोटाला एक मातीचं बूच होतं. ते काढलं की कासं पाटाने वाहत साच्याच्या तोंडात जायचं.

कुशाबाने सळई उचलली. आणि मग त्याने असं काही केलं जे त्याने कधी केलं नव्हतं. सळई धरायला नेहमी त्याच्याबरोबर दोन भाऊबंद उभे असत. त्यांना तो म्हणाला, "तुम्ही मागे व्हा."

"अरे, एकट्याला झेपायचं नाही," एक जण म्हणाला.

"मागे व्हा म्हणतो ना! पार देवळाच्या भिंतीआड जा. बायकापोरांनाही घेऊन जा."

ते निमूट सगळ्यांना घेऊन भिंतीआड गेले; हौसा तेवढी भट्टीपाशी थांबली. कुशाबा साच्याच्या तोंडाशी एकटाच उरला. त्याने कमरेची लंगोटी घट्ट केली, डोक्याचं मुंडासं कपाळावर ओढून घेतलं, आणि हौसाकडे एकदाच पाहिलं. रागाने नाही हो. रागाने पाहिलं असतं तर तिला सोसलं असतं.

तेव्हा हौसाला कळलं. यांना कळलंय! आरसा हातात घेतला तेव्हाच कळलंय, आणि तरी हे तिथे उभे आहेत. ती भ्याली म्हणून तिने आरसा तापवला, ते भ्याले म्हणून कोरडा म्हणाले. आता दोघांच्या भीतीपायी ते एकटेच मरणार होते.

"सोड!" कुशाबाने राणूला हाक दिली.

राणूने बूच ओढलं. कासं बाहेर पडलं आणि पाटाने धावत निघालं. त्या लाल उजेडात कुशाबाचा चेहरा दिसला, आणि हौसाच्या काळजाचं पाणी पाणी झालं. राजा, कोतवाल, भालेकरी, सगळे तिच्या डोळ्यांपुढून पुसले गेले.

"ओतू नका!" ती जीव खाऊन किंचाळली. "साचा ओला आहे! मी आरसा तापवला! राणूभाऊजी, बूच लावा! अहो, पळा तिथून!"

"गप्प बस!" कोतवाल ओरडला. "बूच लावशील तर याद राख!"

राणूने कोतवालाकडे पाहिलं, हौसाकडे पाहिलं, आणि सगळं बळ लावून बूच पुन्हा भट्टीच्या पोटात ठोकलं. धार तुटली. पण पाटात होतं तेवढं कासं पुढे गेलंच. ओंजळभर, फार तर दोन ओंजळी. हौसाच्या आवाजाने कुशाबाने तोंड तिकडे फिरवलं, एक पाय मागे टाकला, आणि त्याच क्षणी साच्याच्या पोटातून एक आवाज आला. सुस्स असा. कोवळा आवाज होता तो. तापल्या तव्यावर पाणी शिंपडताना येतो ना, तसा.

मग साचा फुटला.

जमीन हादरली. माती, खापऱ्या, लाल शिंतोडे, पांढरी वाफ, सगळं एकदम वर गेलं. माणसं भिंतीआड एकमेकांवर पडली. देवळाच्या नव्या कळसावर गरम माती टपटपत आली. वाफ विरेपर्यंत कुणाला कुणी दिसेना. हौसा त्या वाफेत शिरली. "अहो! अहो, कुठे आहात?" ती हातांनी चाचपडत होती. पायांना चटके बसत होते, त्याचं तिला भान नव्हतं.

कुशाबा खड्ड्याच्या काठावर पडलेला सापडला. जिवंत होता. तोंड फिरवलं होतं म्हणून डोळे वाचले होते. पाय मागे टाकला होता म्हणून छाती वाचली होती. बूच लागलं होतं म्हणून बाकी सगळी माणसं वाचली होती. पण सळई धरलेला उजवा हात कोपराखाली काशात माखला होता, आणि ते कासं त्याच्या हातावरच थिजलं होतं.

वैद्याने पाहिलं आणि मान हलवली. हात ठेवला तर विष चढेल, तो म्हणाला. त्या संध्याकाळी कुशाबाचा उजवा हात गेला. जो हात वाचवण्यासाठी हौसाने आरसा तापवला, तोच.

पूजेचा मुहूर्त आला आणि गेला. घंटा नव्हती. शंख वाजवून आरती झाली. ओताऱ्यांच्या आळीत सगळे दारं लावून बसले होते. आता राजाची माणसं येतील, हौसाला धरून नेतील, राणूला नेतील, आळी जाळतील. टापांचा आवाज आला तेव्हा हौसा दाराला पाठ लावून उभी राहिली. 

दार ठोठावलं गेलं. तिने उघडलं. दारात खुद्द राजा उभा होता, डोक्याला मुकुट नाही, पायात जोडे नाहीत.

तो आत आला. खाटेवर कुशाबा तापाने फणफणत पडला होता. राजा त्याच्या उशाशी बसला. त्याने त्या गुंडाळलेल्या कोपराकडे पाहिलं.

"हौसाबाई," तो म्हणाला, "मी हात तोडणार नव्हतो."

हौसा त्याच्याकडे बघतच राहिली.

"काम लवकर व्हावं म्हणून बोललो होतो," राजा म्हणाला. "बोलून झालं आणि विसरूनही गेलो. साचा ओला आहे एवढं कुणी येऊन सांगितलं असतं, तर मी मुहूर्त पुढे ढकलला असता. दुसरा मुहूर्त होता की. पौर्णिमेचा."

 बाहेर राणू आणि भाऊबंद जमले होते, त्यांनीही ते ऐकलं. राजाबरोबर आलेल्या कोतवालाने मान खाली घातली.

"महाराज," हौसा म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण आता तो भीतीने कापत नव्हता. "तुम्ही हसत बोललात. आम्ही ते घरी आणून त्याच्याबरोबर झोपलो, त्याच्याबरोबर उठलो. जमीन ओली आहे हे राणूभाऊजींना ठाऊक होतं. साचा ओला आहे हे मला ठाऊक होतं. आरसा ऊन आहे हे यांना ठाऊक होतं. एकाने जरी तोंड उघडलं असतं ना, तरी हा हात आज जागेवर असता. तुम्ही आम्हाला भ्यायला लावलंत, हा दोष तुमचा. पण आरसा मी तापवला, महाराज. तो तुम्ही नाही तापवलात."

 राजा उठला, कुशाबाच्या पायांना हात लावला आणि निघून गेला. त्यानंतर त्या राज्यात कोणत्याही कारागिराला धाक घालून कामाची तारीख देण्यास मनाई झाली. कोतवालाला कोतवाली सोडावी लागली.

पुढे टेकाडावरच्या खडकात घंटा ओतली गेली. साचा मनासारखा वाळेपर्यंत कुणी घाई केली नाही. सळई राणूने धरली, कारण कुशाबाला ती आता धरता येत नव्हती. तो बाजूला उभा राहून नुसतं सांगत होता. घंटा उत्तम निघाली. तिचा नाद नदीपल्याड जातो, असं लोक कौतुकाने सांगत. पण ती वाजली की हौसा हातातलं काम टाकून नवऱ्याच्या पानापाशी येऊन बसे, आणि डाव्या हाताने न मोडणारी भाकरी त्याला मोडून देई.

खरं वेळेवर सांगितलं तर हात वाचतो, उशिरा सांगितलं तर निदान जीव वाचतो, आणि भिऊन सांगितलंच नाही तर काहीच वाचत नाही.